नवव्या खाचेवर

१

क्लिफर्ड हायकिनेन गेल्याची बातमी आली तो गुरुवार होता आणि मी नववीच्या मुलांचे पेपर तपासत होतो. टोइव्होला या आमच्या खेड्यात बातमी फोनवरून येत नाही, गाडीतून येते. ड्वेन ओलिलाने आपली गाडी माझ्या अंगणात इंजिन चालू ठेवूनच उभी केली, बर्फातले बूट न काढता स्वयंपाकघराच्या दारात थांबला आणि एका दमात दोन गोष्टी सांगितल्या. पेल्की गावचा क्लिफ गेला, तीन आठवडे होत आले, आणि त्याची बायको लिफ्ट विकणार आहे.

ड्वेन वाईट माणूस नाही. मला गेली पंधरा वर्षं गाडी उचलायची दोन खांबांची लिफ्ट हवी होती, हे त्याला ठाऊक होतं. माझी बायको आयलीन होती तेव्हा दर उन्हाळ्यात हा विषय निघायचा आणि दर उन्हाळ्यात ती म्हणायची, आधी छपराचं बघ. मग छपराचं झालं, आणि तिचं आजारपण आलं. ती गेल्यावर नाही म्हणायला कोणी उरलं नाही, तेव्हा घ्यावीशीच वाटली नाही.

क्लिफला मी एकदाच पाहिलं होतं, जत्रेत. साडेसहा फूट उंच माणूस, तंबूत शिरताना कमरेत वाकणारा. मी विचारलं, कसा गेला.

"झोपेत," ड्वेन म्हणाला. "बायको लॉर्ना शेजारीच झोपलेली. तिला सकाळी कळलं. असं मरण मिळायला नशीब लागतं बाबा."

यावर वाईट वाटायला हवं होतं. मला आठवलं ते एवढंच, की आयलीनला जायला अकरा महिने लागले होते आणि शेवटच्या रात्री नर्सने मला घरी जाऊन झोपायला सांगितलं होतं. मी गेलो होतो. लॉर्ना हायकिनेन नावाच्या, कधी न भेटलेल्या बाईचा मला त्या क्षणी हेवा वाटला. मी ड्वेनला म्हटलं, शनिवारी जाऊ.

२

लॉर्ना सत्तरीची, ठेंगणी, पांढऱ्या केसांची. तिने आम्हाला आधी वेलचीचा पाव आणि कॉफी दिली, मगच गॅरेजची किल्ली. मुलगी डुलुथला असते. गॅरेज रिकामं करून घर विक असं तिने बजावलंय, म्हणाली. स्वतःला विकायचं होतं असं काही ती म्हणाली नाही.

आम्ही काम करत असताना ती खांद्यावर कोट टाकून दारात उभी होती. हातात थर्मास आणि दोन कप. दोन कप आम्हा दोघांसाठी असावेत असं मला वाटलं, पण तीन वाजता तिने स्वतःचा एकच भरला, दुसरा रिकामाच कामाच्या टेबलावर ठेवला आणि भरलेला घेऊन आत निघून गेली. ड्वेनने माझ्याकडे बघितलं. मी नट सोडवत राहिलो.

खांब आडवे केल्यावर त्यांच्या बुडाखाली लोखंडी पाचरी निघाल्या. फरशी कुठेच सपाट नसते, म्हणून खांब ओळंब्यात आणायला खाली पत्र्याच्या पाचरी सरकवतात. कुठे एक, कुठे तीन. क्लिफने प्रत्येक पाचरीवर पांढऱ्या रंगाने लिहून ठेवलं होतं: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, वरची, खालची. अक्षर बारीक आणि सरळ, एखाद्या शिक्षकाचं असावं तसं.

ड्वेन म्हणाला, फेकून दे. "ती त्याच्या फरशीची मापं आहेत. तुझ्या फरशीला काय उपयोग?"

मी पाचरी एका डब्यात भरल्या. ड्वेन हसला. आमच्या भागात बहुतेक सगळे फिनिश वंशाचे, आणि इथे म्हणतात, फिनिश माणूस वाकडा खिळा फेकत नाही. सरळ करायच्या राहिलेल्या खिळ्यांचा डबा तो तसाच मुलाला देऊन जातो.

निघताना लॉर्ना आमच्या गाडीच्या खिडकीजवळ आली. तिला काही सांगायचं होतं. मी काच खाली केली. ती म्हणाली, सावकाश चालवा, रस्ता निसरडा आहे.

३

माझं गॅरेज घरापासून वीस पावलांवर, वेगळं उभं आहे. सिमेंटची फरशी आयलीनच्या वडिलांनी ओतलेली. आम्ही एक भोक पाडून जाडी मोजली, पाच इंच भरली. पुरेशी होती. खडूने जागा आखल्या, ड्वेनच्या ट्रॅक्टरने खांब उभे केले.

नव्या जागी नव्या पाचरी लागतात. पाणसळ लावायची, कुठे किती उतार आहे बघायचं, पत्रा कापायचा, सरकवायचा, पुन्हा बघायचं. त्यात अर्धा दिवस सहज जातो. माझी फरशी बर्फाचं पाणी बाहेर जावं म्हणून दाराकडे उतरती आहे, शिवाय एका कोपऱ्यात खालची माती हिवाळ्यात गोठून फुगल्याने उचललेली आहे. कुठून तरी सुरुवात करायची म्हणून मी क्लिफच्या पाचरी त्यावर लिहिलं होतं त्या जागी ठेवल्या. आळसच म्हणायचा.

ड्वेनने डाव्या खांबाला पाणसळ लावली. मग दुसऱ्या बाजूने लावली. मग उजव्या खांबाला. मग खिशातून ओळंबा काढला आणि दोरी स्थिर व्हायची वाट बघत बराच वेळ उभा राहिला.

"रसेल," तो म्हणाला, "असं होत नाही."

बुडबुडा चारही बाजूंनी मधोमध होता. मी म्हटलं, नशीब. त्याने चाळीस वर्षं घरं बांधली आहेत; त्याने पाणसळ पुसून पुन्हा लावली. आम्ही बोल्ट ठोकले, मोठ्या पान्याने हवे तेवढे आवळले. एरवी ड्वेन काम झाल्यावर वाफेच्या अंघोळीची सौना तापव म्हणून मागे लागतो. त्या दिवशी तो कॉफीलाही थांबला नाही.

४

लिफ्टच्या खांबांच्या आत खाचा असतात. गाडी वर जाताना दोन्हीकडचे खटके एकेका खाचेत पडत जातात: खट-खट, खट-खट. हव्या त्या उंचीवर थांबलं की गाडी थोडी खाली घेऊन खटक्यांवर टेकवायची. त्याशिवाय कोणी शहाणा माणूस गाडीखाली जात नाही. तेल गळलं, नळी फुटली, तरी खटके धरून ठेवतात. जुनी लिफ्ट बिघडली तर खाली येते. वर जाऊ शकत नाही. वर जायला मोटर लागते आणि मोटरला वीज.

आयलीनच्या वडिलांचा जुना पिकअप मी लिफ्टवर चढवला. सहाव्या खाचेवर मला बरं पडतं. हात वर केले की थेट काम. रविवारी चर्चहून आल्यावर थोडं केलं, गाडी सहावीवर टेकवली, भिंतीवरचा विजेचा मुख्य स्विच बंद करून दार लावलं.

मंगळवारी शाळेतून आलो तेव्हा पिकअप नवव्या खाचेवर होता.

मी खाचा दोनदा मोजल्या. विजेचा स्विच बंद होता. दारासमोर सकाळी पडलेलं बर्फ होतं आणि त्यावर माझ्याच बुटांचे ठसे होते, आत्ताचे. मी स्वतःला सांगितलं की रविवारी मीच नववीवर ठेवली असेल. त्यानंतर मी खाली उभा राहिलो आणि हात वर केले. माझी बोटं गाडीला टेकत नव्हती. चारसहा इंच कमी पडत होती.

५

दोन आठवडे मी नोंद ठेवली, मुलांना शिकवतो तशी: तारीख, वेळ, किती खाच. शाळेच्या दिवशी निघताना गाडी पार खाली उतरवायचो; परत आलो की नववी. मग एका शनिवारी मुद्दाम स्वयंपाकघरात, गॅरेजकडच्या खिडकीत बसलो. पेपर समोर ठेवले होते, एकही तपासला नाही.

तीनला पाच कमी असताना आवाज आला. मोटरचा नाही. फक्त खटके, दोन्हीकडचे एकदम, सावकाश. मी मोजले. नऊ. मग गाडी टेकताना होतो तो छोटा जड आवाज. मग शांतता, आणि त्या शांततेत पाना बोल्टवर बसतो तेव्हाचा किणकिणाट. ज्याला घाई नाही अशा माणसाचं काम.

मी गेलो तोवर आत कोणी नव्हतं. माझ्या टेबलावर सायलेन्सरचा एक बोल्ट ठेवला होता. गंजून वितळल्यासारखा बसलेला तो बोल्ट मी तीन आठवडे सोडवत होतो, आणि शेवटी कापायचं ठरवलं होतं. तो निघाला होता. आटे तारेच्या ब्रशने साफ केलेले. खाली दुमडलेलं फडकं.

मी घाबरलो हे कबूल करतो. पाय दाराकडे वळले. पण त्या भीतीच्या खाली दुसरं काही होतं आणि ते मला अधिक ओळखीचं होतं. आयलीन गेल्यावर दोन वर्षं मी ऐकत होतो. मी या गोष्टी मानत नाही, तरी ऐकत होतो. तिच्या बाजूचा दिवा लावून ठेवायचो. जिन्याची चौथी पायरी करकरली की पुस्तक खाली ठेवायचो. दोन वर्षांत चमचासुद्धा जागचा हलला नाही. आणि हा माणूस, ज्याला मी जत्रेत एकदा वाकताना बघितलं, चाळीस मैलांवरून लिफ्टच्या मागे चालत आला होता आणि माझं काम माझ्यापेक्षा नीट करत होता.

तो माझ्यासाठी आलेला नव्हता, हे उघड होतं. पोटात दुखलं ते म्हणूनच.

६

लॉर्नाचा फोन फेब्रुवारीच्या सुरुवातीला आला. आधी हवेबद्दल, मग मुलीबद्दल, मग घर पाहायला आलेल्या एका जोडप्याबद्दल बोलली. ते गॅरेजात योगासनं करायची म्हणत होते. यावर ती थोडी हसली आणि मीही. 

"मिस्टर टेर्व्हो, लिफ्ट नीट चालते ना?"

उत्तम चालते, म्हटलं.

तिने मग हळूहळू सांगितलं. तो गेल्यावर तीन आठवडे तिला गॅरेजातून आवाज येत होता, दुपारी, तिच्या कॉफीच्या वेळी. तिला भीती वाटली. भीती वाटली याचीच तिला आता लाज वाटत होती. मुलीला सांगितलं तर मुलगी म्हणाली, आई, आता तू तिथे एकटी राहायचं नाहीस. म्हणून लिफ्ट विकली. आणि तुम्ही दोघांनी खांब गाडीत टाकले त्या दुपारपासून घरात काही वाजलेलं नाही, म्हणाली. काहीच नाही.

"मी अजून थर्मास भरते," ती म्हणाली. "मूर्खपणा आहे, मला कळतं. बेचाळीस वर्षांची सवय. तुम्हाला विचारायचं होतं. तुमच्याकडे काही वाजतं का?"

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. फोनची तार मी खिडकीपर्यंत ओढली होती आणि अंगणापलीकडे पाना बोल्टवरून फिरत होता, ऐकू येत होता.

"नाही," मी म्हटलं. "काही नाही."

"असो," ती म्हणाली. "बरं आहे तर." आणि मग, "तुमच्या मिसेसबद्दल ड्वेनने सांगितलं. तुम्हाला तरी हे वेडेपणाचं वाटणार नाही म्हणून विचारलं."

मी फोन ठेवला. खोटं बोलल्याचं मला वाईट वाटलं नाही, हे इथे लिहून ठेवतो. तिच्याकडे बेचाळीस वर्षं होती, झोपेतलं मरण होतं, वर तीन आठवडे होते, आणि ते तिने घाबरून घालवले. माझ्याकडे आलं असतं तर मी घालवलं नसतं, असं मी स्वतःला म्हणालो.

७

त्याच महिन्यात एका बुधवारी वादळामुळे शाळा अकरालाच सुटली. रस्ता साफ व्हायला वेळ लागला आणि मी घरी पोचलो तो तीनच्या आगेमागे. आडव्या बर्फात उजेड दुधासारखा होता. गाडी रस्त्यावरच ठेवून मी गॅरेजच्या बाजूच्या दारापर्यंत चालत गेलो. त्या दाराला एक हातभर काच आहे. ती गोठली होती. मी हातमोजा काढून तळहात टेकवला आणि एक वाटोळा झरोका पडला.

पिकअप नववीवर होता. त्याच्या खाली दिवा होता, माझा हातात धरायचा दिवा, वायरचा. तो पेटलेला होता.

दिव्याच्या पलीकडे उंच काही होतं, गाडीच्या सावलीत, खांद्यांपर्यंत गाडीत शिरलेलं. कपडा होता की नुसती सावली, मी सांगणार नाही. मला ते बघायचंही नव्हतं. मी दिव्याकडे बघत होतो, कारण दोन्ही हात कामात असलेल्या माणसाला दिवा धरता येत नाही.

दिवा कोणीतरी धरलेला होता.

आयलीनने आमच्या संसारात अठरा वर्षं माझा दिवा धरला आणि वाईट धरला. तिला कंटाळा यायचा. ती दाराकडे बघायची, गुणगुणायची, दिवा घसरत घसरत माझ्या डोळ्यांवर यायचा. मी ओरडायचो, ती म्हणायची मग तूच धर. हा दिवा हलत नव्हता. हलला तर पाना पुढच्या बोल्टवर जायच्या क्षणभर आधी हलायचा, आणि उजेड बरोबर तिथे पडायचा. न सांगता. धरणाऱ्या हाताची मला फक्त बोटं दिसली. अंगठा आत मिटलेला, चार बोटांच्या मुठीत दडवलेला. लहान मुलं थंडीत धरतात तसा. मोठ्या माणसांत असं धरणारी मी एकच बघितली आहे. शेवटच्या महिन्यात हॉस्पिटलच्या चादरीवरही तो अंगठा तसाच आत असायचा, आणि मी तो बाहेर काढून माझ्या हातात धरायचो.

खालून पुरुषी आवाजात दोन शब्द आले. काय ते कळलं नाही. त्यावर कोणी हसलं, दबक्या आवाजात, नाकातून.

मी दारावर हात ठेवला. कडी लोखंडी होती आणि माझा उघडा हात तिला चिकटला. एवढंच करायचं होतं, कडी दाबायची. मला वाटत होतं, दार उघडलं आणि तिने वळून बघितलं तर काय. आणि त्याहून जास्त हे, की दार उघडलं आणि तिने वळून बघितलंच नाही तर. दिवा तसाच धरला, स्थिर, त्याच्यासाठी.

किती वेळ उभा होतो ठाऊक नाही. उजेड विझला, काच पुन्हा गोठली. कडीपासून हात सोडवताना तळव्याचं सालटं निघालं.

८

त्यानंतर मी शनिवारी घरी थांबत नाही. हॅनकॉकला जातो, वाचनालयात बसतो आणि तीन वाजता घड्याळाकडे बघतो. माझ्या घरी, माझ्या सासऱ्यांनी ओतलेल्या फरशीवर, माझी बायको दुसऱ्या माणसासाठी दिवा धरून उभी आहे, असं वाक्य मनात येतं. त्याच्या मूर्खपणाचं हसू येत नाही. वर्गात शिकवताना मधेच येतं. रस्त्यावर एखादं म्हातारं जोडपं एकमेकांचा हात धरून बर्फावरून जाताना दिसलं की येतं.

ड्वेनला एवढंच म्हटलं, की लिफ्ट परत द्यावी असा विचार आहे. तो म्हणाला, दे. लगेच म्हणाला, कारणही विचारलं नाही. "मी ट्रॅक्टर आणतो. तू फक्त दिवस सांग."

मी दिवस सांगितला नाही. लिफ्ट गेली तर तो जाईल, एवढं मला ठाऊक आहे. त्याचा पत्ता म्हणजे ती लिफ्ट. आयलीनचं काय, ते मला ठाऊक नाही. ती फरशीची आहे की त्याच्याबरोबर चालत निघेल. दोन वर्षं तिला इथे काही करण्यासारखं नव्हतं म्हणून आली नाही, की तिने यावं एवढं कारण मीच नव्हतो.

मागच्या आठवड्यात लॉर्नाचं पत्र आलं. कागद रेघांचा, अक्षर थरथरतं. घराची विक्री तिने थांबवली आहे. मुलगी रागावली आहे. लिफ्ट मला परवडत असेल तर परत द्यावी, ज्या किमतीला नेली त्याच किमतीला. आणि तसं जमणार नसेल तर तिला एका दुपारी येऊ द्यावं, भाचा गाडीने आणून सोडेल, ती कोणाला त्रास देणार नाही, एका बाजूला खुर्ची टाकून बसेल. मला खात्री आहे तुम्ही मला खरं सांगितलंत, असं तिने लिहिलं होतं, पण माझे कान म्हातारे असले तरी त्याच्या कामाच्या आवाजाला सरावलेले आहेत, फोनवरूनसुद्धा. खाली फोन नंबर दिला होता आणि कोणत्याही दिवशी चालेल असं लिहिलं होतं.

पत्र मी दोनदा वाचलं. तिला इथे आणून बसवलं तर ती काय बघेल, याचा विचार केला. तो तिच्याकडे वळेल. खालून बाहेर येईल, वाकून. मग दिवा धरायला कोणी लागणार नाही. हे सगळं बरोबर आहे आणि असंच व्हायला हवं, हे मला कळतं. मी तीस वर्षं मुलांना चूक-बरोबर शिकवत आलो आहे.

काल शाळेतून आलो तेव्हा पिकअपचं काम पुरं झालं होतं. नवा पाईप बसवलेला, पट्ट्या आवळलेल्या. गाडी खाली, जमिनीवर, चाकांवर उभी होती, आणि लिफ्टचे हात बाजूला केलेले होते, रिकामे, दुसऱ्या गाडीसाठी. मी घरात आलो. आज सकाळी माझी स्वतःची गाडी, जिला काही झालेलं नाही, मी लिफ्टवर चढवून आलो आहे.

लॉर्ना हायकिनेनला मी अजून फोन केलेला नाही.